टोपी उचलली, माणूस नाही

१

बेइशेन कोरड्या पाटात बुडून मेला.

मी शोकगीतं बांधणारी बाई. आमच्या अक-तेरेक गावात पंचवीस वर्षांत जो जो मातीआड गेला, त्याला शेवटचे शब्द मी दिले. कुणाला घोडा शोभायचा, कुणाच्या हातची रोटी गोड लागायची, कुणी कुणासाठी रात्ररात्र रडलं. सगळं घरोघर विचारून, पारखून घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही माझ्या आईची शिकवण. गाण्यात खोटं आलं तर मेलेला माणूस कुशीवर वळतो, असं ती म्हणायची. पण या पहिल्याच ओळीशी मी अडले. कोरड्या पाटात माणूस बुडतो कसा?

एप्रिलमधला रविवार होता. डोंगरावरचं बर्फ अर्ध्यावर उतरलेलं, पॉप्लरना नुकती पालवी. बेइशेन आमच्या गावचा पाटकरी. ज्याची पाळी त्याच्या रानात पहाटे पाणी सोडायचं, हे काम त्यानं तीस वर्षं केलं. त्याची लेक सेयिल दूध घातलेल्या चहाची किटली घेऊन सकाळी खालच्या रानाकडे गेली. मोठ्या कालव्याचं पाणी जिथून त्या रानाच्या पाटात वळतं, तिथे एक जाड लाकडी फळी आहे. वर ओढली की पाणी सुटतं, खाली पाडली की बंद. फळी पाडलेली होती. फळीच्या खालच्या अंगाला, पाटात, बेइशेन पालथा पडलेला. पाटात बोटभर चिखल. पण त्याच्या केसांत गाळ, कपडे काखेपर्यंत भिजलेले, नाकाशी फेस. आणि काठावर त्याचं खोरं उभं रोवलेलं, त्याच्या दांड्यावर त्याची पांढऱ्या लोकरीची, काळ्या गोंड्याची उंच टोपी टांगलेली. झटकून, चिखल पुसून, नीट.

दुपारपर्यंत अंगणात पांढरा तंबू उभा राहिला आणि बेइशेनला त्यात निजवलं. लांबचे नातलग यायचे होते, म्हणून माती मंगळवारी द्यायची ठरली. गावप्रमुख तोलोबाय आला, तंबूसमोर काठीवर रेलून रीतीप्रमाणे मोठ्यानं रडला, डोळे पुसले आणि चार लोकांत म्हणाला की म्हाताऱ्यानं शेवटी शहाणपण केलं, आपलं ऐकून स्वतःच्या हातानं फळी पाडली, आणि बिचारा घसरला.

हे वाक्य सेयिलपर्यंत पोचायला चहाचा एक पेला रिकामा होण्याइतकाही वेळ लागला नाही. ती माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"आपा, परवा तुम्ही बाबांना गाणार. फळी त्यांनी पाडली, असं गाल का?"

"खरं असेल तर गाईन."

"आणि नसेल तर?"

"तर ज्यानं पाडली त्याला गाईन," मी म्हणाले. बोलून गेले, आणि मग त्या शब्दाला बांधली गेले.

त्या फळीवर काय अडकलं होतं, ते गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. खालचं रान म्हणजे अडतीस हेक्टर काळी माती. दोन वर्षांपासून तोलोबायला तिथे आठ-आठ गुंठ्यांचे प्लॉट पाडायचे होते. पण कायदा असा की बागायत जमिनीला हात लावायचा नाही. जिरायत असेल तर घरं बांधता येतात. जमिनीला पाणी मिळतं की नाही, हे बघायला जिल्ह्याची समिती गुरुवारी येणार होती. बेइशेन सगळ्यांना एकच सांगायचा: रानाला पाणी आहे, मी देतो. आता तोच स्वतःच्या हातानं फळी पाडून गेला म्हटल्यावर समितीला विचारायचं काय उरलं? रान जिरायत, आणि बेइशेन आयुष्यभर खोटं बोललेला.

वर आमच्या गावची रीत अशी, की पाटकरी गेला तर त्याला माती देईपर्यंत कुठल्याच फळीला कुणी हात लावत नाही. रविवारच्या पहाटेपासून ते रान तहानलेलं पडून राहिलं.

२

मौलवींनी चौघांना घेऊन त्याला अंघोळ घातली होती. मी दाराशी थांबून विचारलं. त्यांना माझी सवय आहे.

"दारूचा वास?"

"तोलोबाय तेही म्हणतोय का? नाही, बुबुश. पाण्याचा वास. कानामागं सिमेंटच्या काठाचा मार, खोल नाही. त्यानं शुद्ध जाईल, जीव नाही जायचा. जीव पाण्यानं गेला. मुठीत माती होती."

"कसली?"

"तांबूस. त्या पाटातली. कालव्यातली वाळू करडी असते." मौलवींनी बाह्या खाली सोडल्या. "आणि एक सांगतो, गाण्यात घालू नकोस. मी तीनशे माणसं धुतली. पडलेल्या माणसाला जीव असताना कुणी ओढलं, उचललं की काखेत नाहीतर मनगटावर खूण राहते. याच्या अंगावर कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं."

तिथून मी आणि सेयिल फळीपाशी गेलो. गावचा पोलीस अधिकारी उर्मात काठावर उकिडवा बसून वहीत पावलं काढत होता. चांगला मुलगा, फक्त लवकर निष्कर्षाला येतो.

काठावरचा चिखल लोण्यासारखा मऊ होता आणि त्यात सगळं उमटलं होतं; सेयिल आणि बेइशेनला उचलून नेणारे पलीकडच्या काठानं आले-गेले होते, म्हणून हा काठ तुडवला गेला नव्हता. बेइशेनचे जुने बूट, टाचेला खिळे मारलेले. एक रांग येणारी, परत जाणारी नाही. त्याच्या शेजारून रबरी जोड्यांच्या दोन रांगा, दोन्हींत डाव्या तळव्याला एकच चीर. आणि दोन्ही रांगांचे चवडे फळीकडे.

उर्मातनं मला समजावलं. रबरी जोडेवाला एकच माणूस, पण दोनदा आला. एकदा पाहणी करायला, एकदा मारायला. दोन्ही वेळा परत गेला तो काठावरून नाही, पाटातून. आणि पाट कुठे जातो? हार्सानच्या लसणात.

"दुसऱ्या रांगेत पावलं जवळजवळ का पडलीत?" मी विचारलं. "आणि टाचा एवढ्या खोल?"

"ओझं असेल काहीतरी."

"फळी कुणी पाडली?"

"हार्साननं."

"ज्याच्या रानाला पाणी हवं, त्यानं?"

"आपा, तुम्ही गाणं बांधा. तपास मला करू द्या," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, थकून म्हणाला. हार्सानला त्यानं तासाभरापूर्वीच कचेरीतल्या खोलीत कोंडलं होतं.

सेयिल तेवढ्यात फळीपाशी गेली. रीत होती म्हणून हात न लावता नुसती बघत राहिली. मग हळूच बोलली, "आपा, फळीच्या खालच्या कडेला बघा."

फळीच्या आणि पाटाच्या तळाच्या मध्ये लोकरीच्या गोंड्याचा एक काळा धागा चिमटला होता. बेइशेनच्या टोपीचा. टोपी पाण्यात पडली होती, वाहत पाटात आली होती, आणि मग फळी खाली आली होती.

म्हणजे आधी बेइशेन पडला. फळी त्याच्यानंतर पडली.

३

हार्सान दुंगान माणूस, पूर्वेकडून येऊन वसलेल्या मुसलमानांतला. खालच्या रानातला निम्मा भाग खंडानं करायचा आणि लसणाच्या माळा बाजारात न्यायचा. गावात त्याला कुणी परका म्हणत नसे, पण कुणी सोयराही म्हणत नसे. पोलिसाच्या खोलीत तो भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "माझं गाणं बांधायला आलात का, आपा? अजून वेळ आहे."

मी त्याच्यापुढे रोटी ठेवली आणि पहाटेचं सांगायला सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी बेइशेन त्याच्या बांधावर येऊन गेला होता. उद्या तुझी पाळी म्हणाला होता. हार्सान पहाटेपासून रानाच्या खालच्या टोकाला, फळीपासून अर्ध्या कोसावर, दारं धरून उभा. पाणी आलं. चहाचं आधण येईल एवढा वेळ आलं, आणि मग तुटलं.

"तू बघायला नाही गेलास?"

"पाटकऱ्याच्या कामात डोकावायचं? तुमच्या गावात माझे दात पाडतील. मला वाटलं कचरा अडकला असेल, काढतोय. उभा राहिलो. सूर्य वर आला तरी उभाच." त्यानं रोटीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "हा पोरगा म्हणतो मी त्याला मारलं आणि टोपी दांड्यावर टांगली. टोपी? मी माणूस उचलला असता, आपा."

ते वाक्य घेऊन मी बाहेर आले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते माझ्या पदराला लोंबत राहिलं. टोपी उचलली. घाण लागू नये म्हणून, पायदळी येऊ नये म्हणून उचलली. पुसली, उंच टांगली. इतकी माया. आणि दोन हातांवर, वीतभर पाण्यात माणूस पालथा पडलेला, त्याला नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी जगला असता. टोपी उचलली, माणूस का नाही?

तोलोबायला मी त्याच्या कचेरीत गाठलं. टेबलावर प्लॉटचा नकाशा पसरला होता, रंगीत पेन्सिलीनं रंगवलेला. शाळा हिरवी, दवाखाना निळा.

"या, बुबुश-आपा. तुमचं बरं आहे. तुमची यादी मेलेल्यांची, ती गप्प पडून असते. माझी यादी जिवंतांची आहे, चारशे बारा घरं, ती रोज दारात येऊन बसते."

"बेइशेन कुणाच्या यादीत होता?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला की बेइशेन अडसर होता खरा. पण शनिवारी दुपारपासून रविवारी दहापर्यंत आपण जिल्ह्याच्या गावी समितीच्या लोकांची सरबराई करत होतो, सहा जण सांगतील. त्याच्या पायांत टोकदार शहरी बूट होते. त्या काठावर ते घोट्यापर्यंत रुतले असते. माणूस मला आवडत नाही, पण तो खोटं बोलत नव्हता.

"पाणी गुरुवारपर्यंत थांबलं की काम होईल, हे कुणाकुणाला बोललात?"

"लपवायचं काय त्यात? शनिवारी सकाळी यादीतले जे जे आले, त्या सगळ्यांना. बहुतेक आयाच होत्या. पोरं कुठे असतात गावात? सगळी बाहेर." त्यानं नकाशाची घडी घातली. "मी म्हटलं, चार दिवस पाणी नको, मग घरंच घरं. बायका रडल्या, आपा. तुमच्या गाण्यानं रडतात तशा नाही. खऱ्या."

४

सोमवारी सकाळी सेयिल माझ्या दारात उभी राहिली.

"जोडे सापडले. डाव्या तळव्याला चीर. काकांच्या दारात."

काका म्हणजे शार्शेन, बेइशेनचा धाकटा भाऊ. एकाच मोठ्या अंगणात दोघांची समोरासमोर घरं. आणि शुक्रवारी नमाजानंतर मशिदीपुढे सगळ्या गावादेखत त्यानं थोरल्या भावाला विचारलं होतं, तू मेल्याशिवाय माझ्या नातवंडांना छप्पर मिळायचं नाही का? ते शब्द गावाच्या कानात अजून ताजे होते.

शार्शेन अंगणात मोठ्या कढईखाली लाकडं सारत होता. मेंढा शिजत होता. अवाढव्य माणूस, रडून रडून डोळे सुजलेले. मी त्याच्याजवळ बसले आणि दाराशी काढून ठेवलेल्या रबरी जोड्यांकडे नुसती बघत राहिले. त्यानंही पाहिलं. समजला.

"मी बोललो ते बोललो," तो म्हणाला. "ते शब्द आता माझ्या कबरीत माझ्याबरोबर येतील. पण मी त्याला हात लावला असं सेयिलला वाटत असेल, तर मला याच कढईत घाला."

"रविवारी पहाटे कुठे होतास?"

गुरांच्या बाजाराला. कोंबडा आरवायच्या आधी शेजाऱ्याच्या ट्रकमधून गेला, दुपारी परतला, तो हा मेंढा घेऊन. विकत घेतला होता थोरल्या भावासाठीच, त्याला घरी बोलावून मेंढा कापायचा आणि पाया पडायचं असं मनात होतं. आता तोच मेंढा त्याच्या मातीच्या जेवणाला शिजत होता. शेजारी कढईपलीकडे लाकडं फोडत होता. त्यानं न विचारताच मान हलवली.

"बाजारात पायांत काय होतं?"

"लांब बूट. तिथे गुडघाभर चिखल असतो, रबरी जोडे घालून कोण जाईल? ते दारात होते. दारातच असतात. ज्याला बाहेर जायचं तो पाय घालतो."

सेयिलनं सुटकेचा श्वास टाकला. मी मात्र जोड्यांकडेच बघत होते. शार्शेन असता तर त्यानं भावाला उचललं असतंच. मारलं असतं तरी उचललं असतं, छातीशी धरून बोंबलला असता. पण जोडे तर या घरातून गेले होते. आणि रविवारी पहाटे या घरात एकच माणूस होतं.

५

जिपार आणि मी एकाच वर्षी या गावात सुना होऊन आलो. मी वरच्या गल्लीत, ती या अंगणात, शार्शेनची बायको म्हणून. डोक्यावरून पदर खाली ओढलेला, नजर पायांच्या बोटांवर. आमच्याकडे सून थोरल्या दिराचं नाव घेत नाही, त्याच्यासमोर बसत नाही, त्याला शिवत नाही, त्याला पाठ दाखवत नाही. पुढच्या सुनांनी यातलं निम्मं सोडलं. जिपारनं काहीच सोडलं नाही. बेइशेनला ती 'पाण्याचे मालक' म्हणायची. तीस वर्षांत त्याच्या टोप्या धुतल्या, वाळवल्या, काठीवर टांगल्या. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

ती तेलात पिठाच्या वड्या तळत होती. मी पीठ कापायला बसले. गाण्यासाठी विचारते म्हणाले, मालकांचं काही सांग.

"मी काय सांगणार? मी त्यांचं तोंड नीट पाहिलेलं नाही, बुबुश. पावलं ओळखते."

मग ती आपणहून एर्मेकचं बोलू लागली. एर्मेक तिचा मुलगा, शहराच्या बाजारामागं मालवाहू पत्र्याच्या डब्यात भाड्यानं राहतो, बायको आणि पोरांसह. जानेवारीत कोळशाच्या शेगडीचा धूर आत कोंडला. थोरली दोघं वाचली. धाकटी सात महिन्यांची होती. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या बाळाला मीच गायले होते. पण ती मला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी सांगत होती, वड्या उलटत, एकही करपू न देता.

"यादीत त्याचा सदतिसावा नंबर," ती म्हणाली. "तोलोबायनं नकाशात दाखवला. कोपऱ्याचा. दोन्हीकडून ऊन."

"रविवारी सकाळी कुठे होतीस, जिपार?"

"पीठ मळत होते."

झारा कढईत क्षणभर थांबला आणि पुन्हा फिरू लागला.

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, तंबूत दिवा विझत आलाय. जिपार तेलाची बाटली घेऊन उठली. तंबूच्या दाराशी कढईचं पाणी सांडून चिखल झाला होता. ती त्यातून आत गेली, आणि थोड्या वेळानं बाहेर आली. आली ती उलटी. पडद्यामागं निजलेल्या दिराकडे तोंड करून, वाकून, एकेक पाऊल मागे. आधी टाच, मग चवडा. जवळजवळ पावलं. टाचेवर सगळा भार.

मी चिखलाकडे पाहिलं. दोन रांगा होत्या. दोन्हींचे चवडे तंबूकडे. बघणारा म्हणाला असता, बाई दोनदा आत गेली, बाहेर आलीच नाही.

मग हार्सानच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप माझ्या पुढ्यात येऊन बसलं. टोपी ती नेहमीच उचलायची. माणसाला हात लावायची तिला मुभा नव्हती.

मी उर्मातकडे गेले नाही. त्यानं वहीत पावलं काढून घेतली होती, ती कुठे पळणार नव्हती. पण सून चालते कशी, हे त्याला वहीत दिसलं नसतं. आणि दुसरं कारण असं की आमच्या शोकात आधी गाणारी गाते, मग लेक, मग घरची सून. जिपारची पाळी यायचीच होती. पाटकऱ्याच्या घरात तरी पाळी कुणाची चुकवू नये, एवढंच मला वाटलं. त्याला मैत्री म्हणा नाहीतर भ्याडपणा म्हणा.

६

मंगळवारी तंबूत आम्ही बायका भिंतीकडे तोंड करून ओळीनं बसलो. आमच्या पुढ्यात, त्याच भिंतीशी पडद्यामागं, बेइशेन. बाहेर पुरुष, त्यांत तोलोबाय, उर्मात. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, भिंत जाड असते, पण गाण्याला ती अडवत नाही. माझ्या उजव्या हाताला सेयिल, तिच्यापलीकडे जिपार.

मी आधी त्याचं आयुष्य गायले. मग आवाज उतरवला.

*पाणी दिलंस वरच्या रानाला, पाणी दिलंस खालच्या,*
*फळी ओढून तूच ठेवलीस, पाणी सुटलं हार्सानच्या.*
*चहाला आधण येईतो आलं, आणि पाटात तुटलं पाणी,*
*तू तर होतास पालथा तेव्हा, सांग रे पाडली फळी कोणी?*

बाहेरची कुजबुज थांबली.

*एक बाई आली पहाटे, चवडा पुढे, वाट पुढे,*
*तीच बाई गेली माघारी, तरी चवडा तुझ्याकडे.*
*पाठ नाही दाखवली तुला, तीस वर्षांचं तिचं वळण,*
*टोपी उचलून पुसून ठेवली, तुला शिवायचं नव्हतं पण.*
*हार्सान बसला भिंतीआड, नाव तिचं मी घेत नाही,*
*माझी पाळी सरली आता. ज्याची पाळी त्याचं पाणी.*

सेयिलचा हात माझ्या हातात होता. तिची पाळी होती. तिनं "बाबा" एवढाच शब्द गायला आणि थांबली. मग सगळा तंबू जिपारची वाट बघू लागला. गप्प बसली असती तर कुणी काही सिद्ध करू शकलं नसतं. नुसती रडली असती तरी चाललं असतं; सुना रडतात.

जिपारनं भिंतीकडे बघत सूर लावला. आवाज चिरका होता, पण ताल एकदाही चुकला नाही.

*घर मागायला गेले होते, आठ गुंठे माती,*
*पत्र्याच्या डब्यात पोर माझं, धुरानं मेली नात ती.*
*चार दिवस पाणी नको, एवढंच बोलले मी,*
*आयुष्यात पहिल्यांदा बोलले, बेइशेन, तुमच्याशी मी.*

तंबूतल्या एका म्हातारीनं तोंडावर हात नेला. सुनेनं थोरल्या दिराचं नाव घेतलं होतं. आमच्या गावात याहून मोठी कबुली नाही.

पुढचं तिनं गायलं नाही, सांगितलं. भिंतीलाच. तो तिच्याकडे न बघता म्हणाला होता, "सूनबाई, पाणी माझं असतं तर थांबवलं असतं." तिनं फळीची मूठ धरली. त्यानंही धरली, तिच्या हाताला हात लागू नये म्हणून अगदी टोकाशी. ओली मूठ सुटली. तो मागे गेला, डोकं सिमेंटवर आपटलं, पाटात पालथा झाला. टोपी उडून कालव्यात पडली आणि वाहत फळीखाली येऊन खुंटली.

"मी हात पुढे केला," जिपार म्हणाली. "इतका केला. मग मागे घेतला. मला वाटलं उठतील. माझ्यासमोर ते उठतील आणि मी त्यांना धरलेलं असेल, ही काय लाज. मी वाट बघितली. मग ते हलेनात. मग मी म्हटलं, आता निदान घर तरी." तिनं फळी पाडली. खाली आलेल्या फळीत टोपीचा गोंडा अडकला. तिनं टोपी ओढून काढली, पदरानं पुसली, दांड्यावर ठेवली आणि निघाली. कशी निघाली ते तिला आठवतसुद्धा नव्हतं.

ती उठली. पडद्याकडे एकदा पाहिलं. मग वळली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला पाठ करून सरळ दाराबाहेर चालत गेली, उर्मात उभा होता तिथे. बाहेर शार्शेनच्या हातातलं लाकूड खाली पडल्याचा आवाज आला.

७

माती देऊन पुरुष परतले, तशी सेयिल बापाचं खोरं घेऊन खालच्या रानाकडे गेली. फळी जड होती. हार्सान सुटून थेट तिथेच आला होता. त्यानं मदतीला हात पुढे केला, ती नको म्हणाली. दोन्ही पाय रोवून तिनं ती वर ओढली. पाण्यानं काठ भिजला, चिखल विरघळला, सगळी पावलं वाहून गेली.

गुरुवारी समिती आली. साहेबांचे बूट लसणाच्या वाफ्यात रुतले, एकाचा तर काढताच येईना. त्यांनी कागदावर लिहिलं: बागायत. तोलोबायनं नकाशाची गुंडाळी करून कपाटावर टाकली. त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या दाराशी बायका येऊन बसल्या. यादी होती तशीच होती.

सेयिल आता पाटकरी आहे. बेइशेनचं नाव गावात कुणी खोट्याला जोडत नाही. त्या घरापुरतं माझं गाणं खरं ठरलं.

पण मे महिन्यात एर्मेक आला होता. आईला तुरुंगात लोकरी मोजे द्यायचे होते, मोजे विणलेत का कुणी म्हणून विचारत होता. मी माझे दिले. निघताना तो खालच्या रानाच्या बांधावर थांबला. लसूण गुडघ्याला लागत होता, पाणी सरीसरीतून चालत होतं.

"आपा, इथे किती घरं बसली असती?"

नकाशात चारशे बारा होती. कोपऱ्यावरची जागा मात्र मला तिथून दिसत होती, दोन्हीकडून ऊन येणारी. तिथे एक तरी बसलं असतं.